मीटर बरोबर, रीडिंग बरोबर, तरी गॅसचं बिल ६७२ पाउंड

माझी मावसबहीण आणि तिचा नवरा इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतात, दोन बेडरूमचं जुनं टेरेस घर (म्हणजे शेजारच्या घरांना चिकटून रांगेत बांधलेलं), घर आणि पाणी दोन्ही तापवणारा गॅसचा कॉम्बी बॉयलर, घरात दोघं आणि एक तीन वर्षांचं लेकरू. २०२३ च्या सप्टेंबरात त्यांनी वीज आणि गॅसचा सप्लायर बदलला आणि त्यानंतर पाच महिने जे चाललं ते मी जवळून बघितलं, कारण कागद सगळे माझ्याकडेच यायचे. दोन्ही कंपन्यांची नावं मी लिहीत नाहीये, जुनी आणि नवी एवढंच म्हणते. असं कुठल्याही कंपनीत होऊ शकतं आणि मला सांगायचंय ते बिलातल्या एका ओळीबद्दल, जी आपण कोणी वाचतच नाही.

आधी बदललं का ते. जुन्या कंपनीत ते साध्या व्हेरिएबल टॅरिफवर होते, म्हणजे ब्रिटनची ऊर्जा नियामक संस्था ऑफजेम, तिच्या प्राइस कॅपच्या दरानी. इथे नवीन आलेल्या खूप जणांना वाटतं कॅप म्हणजे आपल्या बिलाला वरची मर्यादा, तसं नाहीये. कॅप असते ती एका युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर (गॅस वापरा न वापरा, लागणारी ठरावीक रक्कम), वापर जास्त केला तर बिल वाढतंच, आणि हा दर आता दर तीन महिन्यांनी बदलतो. नव्या कंपनीचा वर्षभराचा फिक्स दर थोडा कमी होता, व्हेरिएबलवरून निघायला एक्झिट फी, म्हणजे मधेच सोडल्याचा दंड, नसते, म्हणून त्यांनी २७ सप्टेंबरला अर्ज केला आणि ४ ऑक्टोबरला सप्लाय नव्या कंपनीकडे गेला. २०२२ च्या जुलैपासून हे पाच कामाच्या दिवसांत होतं, पूर्वी तीन आठवडे लागायचे. घरात काहीच बदलत नाही हेही सांगते, कारण मावशीनी भारतातून फोन करून विचारलं होतं की मधे गॅस बंद राहणार का. पाइप तेच, वायर तीच, मीटरही तोच, गॅसही त्याच नेटवर्कमधून येतो, बदलतं ते फक्त बिल कोण पाठवतं ते.

४ तारखेला सकाळी मी तिला फोन करून म्हटलं, दोन्ही मीटरचे फोटो काढ, नुसते आकडे नको, अख्खा मीटर दिसला पाहिजे, सिरीयल नंबर, आकडे, आकड्यांशेजारी छापलेलं सगळं. ती म्हणाली, "ताई, अ‍ॅपमध्ये रीडिंग टाकलंय की, फोटो कशाला." मी म्हटलं काढून ठेव. गॅसचं रीडिंग होतं ०६४१२. पुढे जे सुटलं ते या एका फोटोमुळे सुटलं.

पहिला घोळ जुन्या कंपनीचा, तो लहान होता. सप्लायर बदलल्यावर जुन्या कंपनीनी सहा आठवड्यांत फायनल बिल द्यायचं असतं आणि आपले जास्तीचे पैसे पडून असतील तर त्या बिलानंतर दहा कामाच्या दिवसांत परत करायचे असतात. यांचं बिल आलं ६ डिसेंबरला, म्हणजे नऊ आठवड्यांनी, आणि त्यात शेवटचं गॅस रीडिंग लिहिलं होतं ६४४७, शेजारी छोटं इंग्रजी ई, म्हणजे एस्टिमेटेड, अंदाजानी टाकलेलं. नव्या कंपनीचं सुरुवातीचं रीडिंग ६४१२. मग मधली ३५ युनिटं दोघांनीही लावली. पैशात साधारण २७ पाउंड. नियम साधा आहे, जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग एकच असायला हवं, आणि ते जुळत नसेल तर आपण फोटो दाखवून कुठल्याही एका कंपनीला सांगायचं, मग त्यांनी आपसात बोलून ठरवायचं असतं, आपल्याला दोघांच्या मधे पळवायचं नसतं. तारखेसकट फोटो पाठवल्यावर दोन आठवड्यांत रीडिंग बदललं, १२१ पाउंड परत येणार होते त्याचे १४८ झाले. फायनल बिल सहा आठवड्यांत दिलं नाही म्हणून त्या वेळच्या नियमाप्रमाणे ३० पाउंडची भरपाईही द्यावी लागते आणि ती आपोआप यायला हवी, ती आली नव्हती, ईमेलमध्ये एक ओळ लिहिली तेव्हा आली. हे पैसे मागताना बहिणीला संकोच वाटत होता, मला तो अजिबात पटला नाही, तो आपला हक्क आहे आणि ग्राहकाचा वेळ जातो म्हणूनच ठेवलाय.

आता खरं प्रकरण. ८ जानेवारी २०२४ ला नव्या कंपनीचं पहिलं तीन महिन्यांचं बिल आलं. ४ ऑक्टोबर ते ५ जानेवारी, ९३ दिवस, वीज १९० पाउंड आणि गॅस ६७२ पाउंड. दर महिन्याला १२० चा डायरेक्ट डेबिट जात होता, तीन हप्ते म्हणजे ३६०, तर बाकी दाखवली ५०२ पाउंड आणि खाली लिहिलं की तुमचा वापर बघता फेब्रुवारीपासून हप्ता ३१० पाउंड होईल. बहिणीचा फोन आला तेव्हा ती रडत होती, कारण तिला वाटलं हिटिंग आपणच जास्त लावलं, बाळाला सर्दी होती म्हणून रात्री चालू ठेवायचो. त्या दिवसापासून त्यांनी हिटिंग संध्याकाळी दोन तासांवर आणलं. जानेवारीत, लहान मूल घरात असताना. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त त्रास झाला तो याचा, पैसे नंतर परत मिळतात, पण थंडीत काढलेले दिवस परत येत नाहीत.

मी बिल मागवलं, अ‍ॅपचा स्क्रीनशॉट नाही, पूर्ण पीडीएफ. पहिल्यांदा बघितलं सिरीयल नंबर, मीटरवरचा आणि बिलावरचा एकच होता. मग एमपीआरएन, म्हणजे गॅस जोडणीचा नंबर, तोही जुन्या बिलाशी जुळला, त्यामुळे शेजारच्यांचा मीटर यांच्या नावावर लागला असं नव्हतं (टेरेस घरांत आणि फ्लॅटमध्ये हे होतं, म्हणून आधी हेच बघावं). रीडिंग ६४१२ ते ६७०४, दोन्ही खरी, फोटोशी जुळणारी. फरक २९२ युनिट. दर एका किलोवॉट अवरला (हे ऊर्जेचं एकक) सात पेन्स, व्हॅट धरून, करारात होता तोच. स्टँडिंग चार्ज ३० पेन्स गुणिले ९३ म्हणजे २७ पाउंड ९० पेन्स, बरोबर. सगळं बरोबर आणि तरी बेरीज ६७२.

मग शेवटच्या पानावर बारीक अक्षरात मीटरवरच्या युनिटांचे किलोवॉट अवर कसे केले ती ओळ होती. हे जरा समजून घेऊया, कारण विजेच्या बिलात ही पायरीच नसते. विजेचा मीटर थेट किलोवॉट अवर मोजतो. गॅसचा मीटर मोजतो गॅसचं आकारमान, आणि आपल्याला पैसे लागतात ऊर्जेचे, म्हणून त्याचं रूपांतर करावं लागतं. नवीन मीटर घनमीटरमध्ये मोजतात, त्याला मेट्रिक म्हणतात. जुने मीटर घनफुटात मोजतात, त्यांचं एक युनिट म्हणजे शंभर घनफूट, त्याला इम्पिरियल म्हणतात. मेट्रिक असेल तर युनिटांना १.०२२६४ नी गुणायचं, ही तापमान आणि दाबासाठीची दुरुस्ती, मग गॅसच्या उष्मांकानी, म्हणजे एका घनमीटर गॅसमधून किती ऊर्जा मिळते त्या आकड्यानी, तो ३९ च्या आसपास असतो आणि बिलावर छापलेला असतो, आणि शेवटी ३.६ नी भागायचं. इम्पिरियल असेल तर या सगळ्याच्या आधी २.८३ नी गुणायचं, कारण शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर.

यांच्या बिलावरच्या त्या ओळीत २.८३ होतं.

मी ४ ऑक्टोबरचा फोटो उघडून मोठा केला. आकड्यांच्या उजवीकडे इंग्रजी एम आणि त्याच्या डोक्यावर छोटा तीन, म्हणजे घनमीटर. शिवाय दशांशाच्या आधी पाच आकडे, इम्पिरियल मीटरवर साधारणपणे चारच असतात आणि एम ऐवजी एफटी लिहिलेलं असतं. म्हणजे मीटर मेट्रिक आणि कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये तो इम्पिरियल म्हणून नोंदलेला. मी कागदावर हिशोब मांडला. २९२ गुणिले १.०२२६४ गुणिले त्या बिलावरचा उष्मांक ३९.२ भागिले ३.६, आले ३,२५२ किलोवॉट अवर. कंपनीनी लावले होते ९,२०२. सात पेन्सनी खरं बिल २२७ पाउंड ६१ पेन्स, अधिक स्टँडिंग चार्ज, मिळून २५५ पाउंड ५१ पेन्स. फरक ४१६ पाउंडांचा, एका तिमाहीत. बहिणीला फोन करून पहिलं सांगितलं ते हे की हिटिंग परत लाव.

जुन्या कंपनीकडे दोन वर्षं बिल नीट येत होतं, मग आताच का बिघडलं, हा प्रश्न तिच्या नवऱ्यानी विचारला आणि तो अगदी योग्य आहे. सप्लायर बदलतो तेव्हा मीटरची माहिती, प्रकार, एकक, किती आकडे, हे सगळं उद्योगाच्या सामायिक नोंदींमधून नव्या कंपनीकडे येतं, कोणी घरी येऊन बघत नाही. जुन्या कंपनीनी कधीतरी आपल्या सिस्टिममध्ये एकक दुरुस्त केलं असेल आणि सामायिक नोंद तशीच राहिली असेल, किंवा नव्या कंपनीकडे भरतानाच चूक झाली असेल, कुठलं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण चूक वर यायची जागा म्हणजे बदलानंतरचं पहिलं बिल, हे मात्र नक्की. उलटी चूकही होते, मीटर इम्पिरियल आणि नोंद मेट्रिक, मग बिल जवळजवळ एक तृतीयांशच येतं आणि माणूस खूश असतो आणि काही वर्षांनी एकदम थकबाकी समोर येते. तेव्हा मदतीला येतो तो बॅक बिलिंगचा नियम, कंपनीच्या चुकीमुळे जे बिल लावायचं राहिलं त्यातलं बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचं त्यांना मागता येत नाही, घरगुती ग्राहकांसाठी हा नियम २०१८ पासून आहे.

९ जानेवारीला तिनी फोन केला. पलीकडच्या बाईंनी सिरीयल नंबर विचारला, रीडिंग विचारलं, दोन्ही जुळतात म्हणाल्या, म्हणजे बिल बरोबर आहे, जुन्या घरांना इन्सुलेशन नसतं त्यामुळे गॅस जास्त लागतो. बहीण गप्प बसली आणि फोन ठेवला. मी तिला म्हटलं परत कर आणि या वेळी हे वाक्य बोल की मला कम्प्लेंट नोंदवायचीये आणि तिचा रेफरन्स नंबर हवाय. हा फरक फार मोठा आहे. नुसती चौकशी केली तर घड्याळ सुरू होत नाही, तक्रार नोंदवली की त्या तारखेपासून आठ आठवडे मोजले जातात, तेवढ्यात सुटलं नाही किंवा कंपनीनी आधीच डेडलॉकचं पत्र (आमच्याकडून आता आणखी काही होणार नाही असं) दिलं तर एनर्जी ओम्बुड्समनकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, फुकट जाता येतं, त्यांचा निर्णय आपण मान्य केला की कंपनीला पाळावाच लागतो. बरेच जण ऑफजेमला लिहितात, ऑफजेम एकेका घराच्या तक्रारी सोडवत नाही, ती कंपन्यांवरची नियामक संस्था आहे. अडलं तर मधे सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेची हेल्पलाइन आहे. तर तक्रार ९ जानेवारीला नोंदली, आठ आठवडे ५ मार्चला संपत होते, मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

पैशांचं काय करायचं यावर घरात वाद झाला. नवरा म्हणाला डायरेक्ट डेबिट बँकेतून बंदच करून टाकतो. मला ते चुकीचं वाटलं आणि अजूनही वाटतं, कारण बंद केला की काही टॅरिफ महाग होतात, थकबाकीची पत्रं सुरू होतात आणि मुद्दा चुकीच्या एककावरून पैसे न भरण्यावर सरकतो. आम्ही वेगळं केलं. खरा हिशोब काढला, गॅस २५५.५१ अधिक वीज १९०, वजा भरलेले ३६०, खरी बाकी ८५ पाउंड ५१ पेन्स. ती लगेच भरली आणि लिहून कळवलं की ही वाद नसलेली रक्कम भरली आहे, उरलेल्या ४१६ पाउंडांवर आमची तक्रार आहे, ती सुटेपर्यंत वसुली थांबवा आणि हप्ता १२० वरच ठेवा. वसुली थांबवली, हप्ता मात्र फेब्रुवारीत ३१० चा गेलाच. बँकेच्या डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली चुकून गेलेले पैसे परत मागता येतात, पण आधी कंपनीलाच सांगितलं आणि त्यांनी चार दिवसांत १९० परत केले.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा ईमेल आला की आम्ही मीटर तपासायला माणूस पाठवतो, मीटर नीट निघाला तर तपासणीचा खर्च तुमच्याकडून घेऊ. इथे दोघंही हो म्हणणार होते. मी थांबवलं. मीटर नीटच आहे, तपासणीत तो बरोबरच निघणार, मग आपल्याच पैशांनी आपल्याविरुद्धचा कागद तयार होईल की मीटर अचूक असल्यामुळे बिल योग्य. आमची तक्रार मीटर चुकीचं मोजतो अशी नव्हतीच, एकक चुकीचं लावलंय अशी होती. हे एका वाक्यात लिहून पाठवलं आणि तपासणी नाकारली.

मग एका शनिवारी आम्ही घरीच एक प्रयोग केला, त्याचा मला खूप उपयोग वाटतो म्हणून सविस्तर लिहिते. आधी बॉयलर आणि शेगडी दोन्ही बंद करून दहा मिनिटं मीटर बघितला, आकडा हलला नाही, म्हणजे मोठी गळती वगैरे नाही. मग घर चांगलं गार असताना थर्मोस्टॅट एकदम वर करून बॉयलर एक तास सलग चालवला. मीटर दोन युनिट पुढे गेला. मेट्रिक धरलं तर एक युनिट साधारण ११ किलोवॉट अवर, म्हणजे तासाला २२. इम्पिरियल धरलं तर एक युनिट साडेएकतीस, म्हणजे तासाला ६३. बॉयलरच्या पाटीवर क्षमता लिहिलेली आहे २४ किलोवॉट. चोवीस किलोवॉटचा बॉयलर तासाला ६३ किलोवॉट अवर गॅस जाळूच शकत नाही. तिच्या नवऱ्याला हे इतकं पटलं की त्यानी स्वतः बसून ईमेल लिहिला, पाटीचा फोटो, मीटरच्या घनमीटरच्या खुणेचा जवळून काढलेला फोटो, बिलावरच्या २.८३ च्या ओळीचा फोटो, आणि खाली तीन ओळींचा हिशोब. रागाचा एक शब्द नाही. विषयात लिहिलं की हा मीटरिंग टीमकडे द्यावा, कारण फोनवरच्या माणसाच्या स्क्रीनवर एकक बदलायची सोयच नसावी असं आम्हाला तोपर्यंत कळून चुकलं होतं.

तो ईमेल गेला १२ फेब्रुवारीला. १५ ला उत्तर आलं की तुमचा मीटर चुकून इम्पिरियल नोंदला गेलाय. २२ ला दुरुस्त बिल, गॅस २५५ पाउंड ५१ पेन्स, आमच्या कागदावरचाच आकडा, आणि ५० पाउंड दिलगिरीचे. सहा आठवडे लागले, ओम्बुड्समनकडे जायची वेळ आली नाही.

पण इथे मी त्यांना फाइल बंद करू दिली नाही. आम्ही अजून एक गोष्ट लेखी मागितली, की दुरुस्ती फक्त तुमच्या बिलिंगमध्ये केली की सामायिक नोंदीतही केली. आधी उत्तर आलं "खातं दुरुस्त झालंय". परत विचारलं. मार्चच्या मध्यात ओळ मिळाली की मीटरचं एकक मध्यवर्ती नोंदीतही मेट्रिक करून घेतलंय. ही ओळ मिळाली नसती तर पुढच्या बदलात हेच सगळं पहिल्यापासून झालं असतं, आणि घर विकलं किंवा भाडेकरू आला तर त्यालाही.

त्यांचा फिक्स करार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपणार होता. शेवटच्या ४९ दिवसांत निघालं तर एक्झिट फी लावता येत नाही, त्यामुळे सप्टेंबरात त्यांनी परत शोधलं आणि तिसऱ्या कंपनीकडे गेले. या वेळी फोटो काढ म्हणून मला सांगावं लागलं नाही, बदलाच्या दिवशी सकाळी सात वाजता दोन्ही मीटरचे फोटो माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर होते. पहिलं बिल आलं तेव्हा तिनी बेरजेचं पान पाठवलंच नाही, शेवटचं पान पाठवलं, त्या ओळीला पेनानी गोल केलेला, १.०२२६४, उष्मांक, ३.६, आणि खाली लिहिलं होतं, "ताई, २.८३ नाहीये."